चित्रावर टीचरचा हात नको

पत्र:
ताई, मी भांडुपला एका छोट्या शाळेत ज्युनियर केजीला शिकवते. वर्गात 26 मुलं, वय साडेतीन ते साडेचार, खोली एकच, मदतीला एक मावशी आणि नळ व्हरांड्याच्या पार टोकाला. आठवड्यातून एकदा ड्रॉइंगचा तास असतो. डिसेंबरमध्ये चित्रांचं प्रदर्शन लावतात, पालक येतात, आणि मॅडमना चित्रं प्रेझेंटेबल हवी असतात. म्हणून मुलं घरी गेली की मी बसून कडा नीट करते, डोळे-नाक काढते, बाहेर गेलेला रंग व्हाइटनरने झाकते. मला हे पटत नाही पण दुसरं काय करायचं तेही सुचत नाही. सोपे आणि कमी खर्चातले पेंटिंगचे प्रोजेक्ट सांगाल का? शिवाय वर्गातला एक मुलगा रंगाला हातच लावत नाही आणि एक मुलगी दर वेळी सगळं काळं करून टाकते, त्याचं काय करू?
एक शिक्षिका, भांडुप

उत्तर:
तुला अगं-तुगं करतेय, वयाने मोठी आहे म्हणून चालवून घे.

सगळ्यात आधी ते व्हाइटनर कपाटातून काढून टाक. त्याचा वास लहान मुलांच्या वर्गात नकोच, पण त्याहून मोठं कारण म्हणजे ते चित्र तुझं नाहीये गं. साडेतीन वर्षांच्या मुलाला आपण कागदावर काय केलं ते पक्कं माहीत असतं, तो डिसेंबरमध्ये आईचा हात धरून येतो, स्वतःचं चित्र शोधतो, आणि समोर दिसतं डोळे-नाक काढलेलं काहीतरी भलतंच आणि सगळे त्या डोळ्यांचंच कौतुक करतायत जे त्याने काढलेलेच नाहीत. म्हणजे आपण जे केलं ते पुरेसं चांगलं नव्हतं एवढंच त्याला कळतं. तुला पटत नाही असं तू लिहिलंस ना, ते अगदी बरोबर आहे, त्यावर ठाम राहा.

आता मुलांचा रंग बाहेर का जातो ते बघ, कारण हे पालकांनाही सांगावं लागतं. मोठ्या माणसाच्या मनगटात 8 छोटी हाडं असतात, या वयात त्यातली बरीचशी अजून कूर्चाच असतात, म्हणजे मऊ, हाड म्हणून तयारच झालेली नसतात, बोटांचे स्नायूही कच्चे. मूल रंगवतं ते खांद्यापासून अख्खा हात फिरवून. अशा हाताला ए-फोर कागदावर छापलेलं सफरचंद देऊन रेषेच्या आत रंगव म्हणायचं आणि बाहेर गेलं की च्यक करायचं हा अन्यायच आहे. या वयाचं काम म्हणजे गिरगोट्या, मग हळूहळू बंद होणारे गोल, मग एक दिवस त्या गोलाला दोन पाय फुटतात आणि पोटच नसलेला माणूस तयार होतो. तो आला की खूश हो, त्याला पोट काढून देऊ नकोस.

मग मॅडमच्या प्रेझेंटेबलचं काय? माझं म्हणणं असं की या वयासाठी कामच असं निवडायचं ज्यात चुकीचं असं काही नसतं. आंबा काढायला सांगितला की चुकीचा आंबा होऊ शकतो. भेंडीचा ठसा चुकीचा होत नाही, घडी घातलेल्या कागदातला रंग चुकीचा पसरत नाही, मेणावरून ओघळलेलं पाणी चुकीचं ओघळत नाही. ही कामं बघायला सुंदरच होतात, तुझं बोटही न लागता. तुझे दोन्ही प्रॉब्लेम एकदमच सुटतात.

पण त्याआधी वर्गाची व्यवस्था, कारण खरा घोळ तिथे होतो. 26 मुलांना एकदम रंग देऊ नकोस, कोणीच देऊ शकत नाही, देव आला तरी नाही. एका वेळी सहा-सात मुलं, बाकीची मावशींबरोबर कणीक, ठोकळे, गोष्टीची पुस्तकं, आणि तो एक मोठा तास चार दिवसांत थोडा थोडा वाटून घ्यायची परवानगी मॅडमकडून माग, प्रत्येक गटाला वीस मिनिटं पुरतात. जमिनीवर पसरायला पेपर ठीक आहे पण पेपर ओला झाला की फाटतो आणि पायाला चिकटून वर्गभर फिरतो, त्यापेक्षा जुना फ्लेक्स बॅनर मिळव. आपल्या मुंबईत वाढदिवसाचे आणि सणाचे बॅनर उतरवले की कोणाच्या तरी मंडळाच्या ऑफिसात पडलेलेच असतात, मागची पांढरी बाजू वर करून टाकायचा, काम झालं की फडक्याने पुसून गुंडाळून ठेवायचा, वर्षभर टिकतो. बाबांचे जुने शर्ट मागवून घे, उलटे घालायचे, बटणं पाठीला, बाह्या दुमडलेल्या. नळ लांब आहे म्हणतेस तर दोन बादल्या वर्गातच ठेव, एक पहिल्या धुण्याची, दुसरी स्वच्छ, आणि दाराशी ओलं फडकं. मुलं आधी फडक्याला हात पुसतात मग बादलीत बुडवतात, नाहीतर रंगाचे हात घेऊन सगळे व्हरांड्यातून नळाकडे धावतात आणि शेजारच्या वर्गाच्या भिंतीवर पंजे उमटतात.

रंग वाटीत ओतून देऊ नकोस. स्टीलच्या ताटलीत भांडी घासायच्या स्पंजचा नवा, ओला करून पिळलेला तुकडा ठेव आणि त्यावर चमचाभर पोस्टर कलर पसर, झाला स्टॅम्प पॅड. सांडत नाही, ओघळत नाही, रंगही तिप्पट पुरतो. रंग फक्त तीन घे, लाल, पिवळा, निळा, आणि तेही सुरुवातीला एका वेळी दोनच. पिवळा-निळा दिला की हिरवा मुलांना स्वतःच सापडतो आणि त्या वेळचे चेहरे बघण्यासारखे असतात. तिन्ही एकदम दिले तर दहा मिनिटांत सगळं मातकट होतं, कारण प्रत्येक रंग प्रकाशाचा थोडा थोडा भाग गिळतो आणि सगळे एकत्र आले की परत यायला फारसं काही उरतच नाही. त्यात मुलाची चूक काही नाही, आपण काय समोर ठेवलं त्यावर ते अवलंबून असतं.

ब्रश बारीक नकोत. हार्डवेअरच्या दुकानातला एक इंची ब्रश, जुना टूथब्रश, कपड्याच्या चिमट्यात अडकवलेला स्पंजचा तुकडा, हे सगळं मुठीत धरता येतं. कागद मोठा हवा, पाठकोरे कागद चार-चार चिकटवून घे, भिंतीवरच्या मोठ्या कॅलेंडरची मागची बाजू, प्रेसमधून उरलेल्या पट्ट्या. विकतच घ्यायचं असेल तर क्रॉफर्ड मार्केटजवळ अब्दुल रेहमान स्ट्रीटला होलसेल स्टेशनरी मिळते, चार-पाच टीचरनी मिळून वर्षाचं सामान आणलं तर बराच फरक पडतो.

आणि ज्या मुलांचं सगळं तोंडात जातं त्यांच्यासाठी घरचा रंग कर. अर्धी वाटी कॉर्नफ्लोअर थोड्या गार पाण्यात गुठळ्या मोडून कालव, मग दोन वाट्या पाणी घालून मंद आचेवर ढवळत राहा, आपण पूर्वी साडीला करायचो तशी खळ झाली आणि पारदर्शक दिसायला लागली की उतरव, चमचाभर मीठ घाल म्हणजे चवीला वाईट लागते आणि मुलं परत चाटत नाहीत. पूर्ण गार झाल्यावर वेगवेगळ्या वाट्यांत काढून घे आणि खायचा रंग मिसळ. मैदाही चालतो पण एखाद्या मुलाला गव्हाची अ‍ॅलर्जी असते म्हणून मी कॉर्नफ्लोअरच सांगते. आपल्या हवेत हे जास्त टिकत नाही, फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस, वास आला की फेकायचं. होळीचे उरलेले रंग, ऑइल पेंट, घराला दिलेल्या रंगाचे डबे, यातलं काहीही मुलांच्या हातात नको, कितीही फुकट मिळालं तरी. त्यात काय घातलंय ते आपल्याला कळत नाही, आणि जुन्या पेंटमध्ये शिसं असू शकतं.

आता प्रोजेक्ट.

पहिला तर फुकटचाच आहे, नुसतं पाणी. मोठे ब्रश, पाण्याची वाटी आणि फळा किंवा व्हरांड्याची कोरडी लादी. मुलं पाण्याने रंगवतात, ते काळपट दिसतं, आणि बघता बघता वाळून नाहीसं होतं, परत रंगवा. पहिला आठवडा हेच कर, ब्रश बुडवणं, कडेला निथळणं, दुसऱ्याच्या अंगावर न उडवणं हे सगळं शिकवून होतं आणि धुवायला काही नाही.

दुसरा भाजीचे ठसे, आणि यावर खरंच वेळ घालव, महिनाभर चाललं तरी चालेल. भेंडीचं देठ कापलं की पाच पाकळ्यांचं फूल उमटतं, कारल्याच्या चकतीला करवतीसारखी कड, कांद्याचे एकात एक गोल, शिमला मिरचीला तीन-चार कप्पे, कमळकाकडी मिळाली तर तिची भोकं तर फारच छान. भाजी तू घरून कापून आण आणि कापलेली बाजू पेपरवर टेकवून थोडा वेळ वाळू दे, ओली भेंडी बुळबुळीत असते आणि ठसा पसरतो. बटाट्याचा अर्धा भाग हातातून सटकतो म्हणून वरच्या बाजूला दोन खाचा करून धरायला दांड्यासारखं ठेव. मग मुलांना एवढंच सांग, दाब आणि उचल. सुरुवातीला सगळी मुलं घासतात, ठीक आहे, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्यांचं त्यांनाच कळतं की उचललं की फूल दिसतं. कोणी ओळीत ठसे मारतं, कोणी एकाच जागी पन्नास, कोणी कडेकडेने फिरतं. जे ओळीत मारतं त्याला बोटाने एक-एक ठसा दाखवून मोजायला सांग, गणिताचा तास वेगळा घ्यायला नको. आणि ठसे मारायला कीड लागलेली, निबर भेंडी घे, चांगली भाजी तासाभरात फेकून देणं मुलांसमोर बरं दिसत नाही, उरलेलं ओल्या कचऱ्यात मुलांच्याच हाताने टाकायला लाव.

याच्याच जोडीला पानांचे ठसे, शाळेच्या रस्त्यावर बदामाचं झाड असेलच, पिंपळ तर कुठल्याही भिंतीतून उगवलेला असतो. पानाची मागची बाजू रंगवायची, तिथे शिरा वर आलेल्या असतात, वर कागद ठेवून हाताने चोळायचं.

तिसरा मेणाच्या खडूचा. पांढऱ्या कागदावर पांढऱ्या खडूने मुलांना जोर लावून गिरगटू दे, मग वरून पातळ निळा रंग फिरवायला दे. मेणावर पाणी थांबत नाही म्हणून गिरगोट्या पांढऱ्या उठून दिसतात. मुलांना वाटतं चित्र लपलेलं होतं ते आपण शोधलं. जोर मात्र हवा, ज्यांचा जोर कमी पडतो त्यांना पिवळा किंवा केशरी खडू दे म्हणजे कुठे काढलंय ते दिसतं.

चौथा हळदीचा, हा माझा सगळ्यात आवडता. हळद पाण्यात कालवून जाडसर कागदावर मोठ्या ब्रशने फासायची, वाळू द्यायची. दुसऱ्या दिवशी एका वाटीत पाण्यात खायचा सोडा विरघळवून दे आणि कापूस गुंडाळलेली काडी दे. पिवळ्या कागदावर सोड्याचं पाणी लागलं की तांबूस लाल रेघ उमटते! हळदीतला रंग सोड्याने बदलतो, कुंकू पूर्वी याच गोष्टीवर करायचे. चुना अजिबात वापरू नकोस, डोळ्यात गेला तर भाजतो, सोडाच घे. हळदीचे डाग जात नाहीत हे पालकांना आधी चिठ्ठीने कळव, नाहीतर युनिफॉर्मवरून भांडण ठरलेलं.

घडीचं काम आणि गोटीचं काम तुला माहीत असेल, कागद दुमडून उघडायचा, एका बाजूला चमच्याने रंगाचे ठिपके, परत दुमडून चोळायचं. गोटीचं म्हणजे बुटाच्या खोक्यात कागद, त्यावर रंगात बुडवलेली गोटी, दोन मुलांनी दोन बाजूंनी खोकं धरून तिरपं करायचं. गोट्या मोजून दे, मोजून परत घे, आणि तीन वर्षांच्या आतलं कोणी वर्गात असेल तर गोटीऐवजी पिंगपाँगचा बॉल. स्ट्रॉने फुंकून रंग पसरवायचं काम पुष्कळ जण सुचवतील, ते सिनियर केजीला ठेव, या वयाची अर्धी मुलं फुंकायच्या ऐवजी ओढतात.

वारलीचं विचारशील तर माणसाचे दोन त्रिकोण ज्युनियरच्या मुलांकडून काढून घेऊ नकोस, ते फळ्यावरून उतरवणं होतं. पण वारलीचं सामान जरूर दे. खाकी कागदावर तू आदल्या दिवशी गेरू फासून ठेव, तांदळाचं पीठ पाण्यात कालवून घट्टसर पांढरा रंग कर, आणि मुलांना बोटाने ठिपके देऊ दे, पाऊस, तारे, जे काय असेल ते. वारली लोक बांबूची काडी टोकाला चावून तिचाच ब्रश करतात हे मुलांना सांग, आणि हे पण सांग की वारली पाडे आरे कॉलनीत आणि नॅशनल पार्कात आहेत, म्हणजे भांडुपच्या डोंगरापलीकडेच. जिव्या सोमा म्हसे डहाणूकडचे, त्यांनी ही कला जगभर नेली, 2011 मध्ये पद्मश्री मिळाली, त्यांच्या चित्राचा एखादा फोटो भिंतीवर लाव आणि मुलांना नुसतं बघू दे.

पावसाचं एक सांगते. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे कागद वाळतच नाही, एकावर एक ठेवले की चिकटतात आणि बुरशी धरते. तेव्हा मेणाचे खडू, पाण्याचं काम आणि झिपलॉकचं काम कर, ओले रंग गणपतीनंतर जोरात सुरू कर. वाळवायला वर्गात दोरी बांध, चिमट्याने लटकव, पंखा चालू.

झिपलॉक म्हणजे काय ते तुझ्या त्या मुलासाठीच सांगते जो हात लावत नाही. पिशवीत दोन चमचे खळीचा रंग घालायचा, हवा काढून बंद करायची, वरून सेलोटेप मारायची आणि टेबलाला चिकटवायची. मूल बाहेरून बोटाने दाबतं, रेघा काढतं, हाताला काहीच लागत नाही. काही मुलांना चिकट, ओलं असं हाताला लागलेलं खरंच सहन होत नाही, ते नखरे नसतात. त्याला लांब दांड्याचा ब्रश दे, शेजारी त्याचं स्वतःचं ओलं फडकं ठेव, आणि नुसतं बघायचं असेल तर बघू दे, बघणंही काम आहे. पंजाचा ठसा घ्यायला म्हणून त्याचा हात धरून रंगात बुडवू नकोस, कोणाचाच नको. पुढे जेवताना, मातीत, वाळूत पण तो असाच लांब राहतोय असं वाटलं तर आईशी शांतपणे बोल आणि डॉक्टरांना एकदा विचारायला सांग.

काळं करणाऱ्या मुलीबद्दल लोक लगेच घरात काही झालंय का म्हणून विचारतात. बहुतेक वेळा काही नसतं. पांढऱ्या कागदावर काळा सगळ्यात ठळक दिसतो, आपण केलेलं जोरात उमटतं, म्हणून आवडतो. दुसरं म्हणजे पुष्कळ मुलं आधी काहीतरी काढतात, मग ते झाकतात, कारण झाकण्यातच मजा असते, तू तिच्या शेजारी बसून सुरुवातीपासून बघितलंस तर खाली काय होतं ते दिसेल. तिला एक दिवस काळा कागद आणि पांढरा, पिवळा रंग दे आणि काय करते बघ. झोप, खाणं, खेळणं, बोलणं असं सगळंच बदललं असेल तर मात्र चौकशी कर, पण ती चित्रावरून नाही, त्या बाकीच्या गोष्टींवरून.

मॅडमशी बोलताना वाद घालू नकोस, चार तयार कामं घेऊन जा, ठशांचं, मेणाचं, हळदीचं आणि घडीचं, आणि विचार की प्रदर्शनात ही लावू का. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात 3 ते 8 वयाचा पायाभूत टप्पा खेळातून, हाताने करून शिकण्याचाच सांगितलाय, हे कागदावर असलेलं कारण शाळांना उपयोगी पडतं. आणि हे नवीन फॅडही नाही, ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या, तेव्हापासून आपल्याकडे बालवाडीत शिंपले, बिया, पानं, माती असं हाताशी मिळणारं सामानच वापरलं गेलंय.

प्रदर्शनात प्रत्येक चित्राला खाकी कागदाची दोन बोटं रुंद चौकट कर, फक्त एवढंच, साधी गिरगोटी पण एकदम नेटकी दिसते. आणि चित्राखाली मुलाचं एक वाक्य लिही, त्याच्याच शब्दांत. त्यासाठी काम चालू असताना हे काय आहे असं विचारू नको, त्याने मूल उगाच नाव शोधायला लागतं, मला याचं सांग ना असं म्हण आणि जे येईल ते चित्राच्या मागे पेन्सिलीने उतरव, तारीख टाक. काहीच बोललं नाही तर नाव आणि तारीख पुरे. शक्य झालं तर प्रत्येकाचं जूनमधलं एक काम जपून ठेव आणि डिसेंबरच्या कामाशेजारी लाव, म्हणजे नीट का नाही रंगवलं म्हणून विचारायला आलेल्या आईला हातात आलेला फरक तिथेच बोट ठेवून दाखवता येईल.